मागच्या दाराचं कुलूप

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण इतक्या वर्षांची सवय जात नाही.

तू पाठवलेला फोटो मिळाला. ह्यांचा हसरा चेहरा आणि खाली सोनेरी अक्षरांत 'आमचे हसतमुख सहकारी'. वा रे वा! तुझ्या ऑफिसातल्या तक्रारीच्या खिडकीवर माणूस भोसकला गेला आणि तुम्ही त्याचीच फ्रेम करून तिथे टांगलीत. फ्रेमखाली आता नवी मुलगी बसते. जाळी अजून नाहीच. ती तू काढलीस, कारण ग्राहकाला म्हणे तुरुंगात आल्यासारखं वाटतं. ग्राहकाच्या मनाला केवढं जपतोस रे!

ज्याने सुरा चालवला तो बिघडलेल्या वॉशिंग मशीनवाला ग्राहक आधीही येऊन धमकावून गेला होता. हे तुझ्या केबिनमध्ये सांगायला आले, तर तू हसलास, म्हणालास, जावईबापू, फार मनाला लावून घेता तुम्ही, जरा गोड बोलायला शिका. घरी येऊन ह्यांनी तुझी हुबेहूब नक्कल केली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. आता ते आठवलं की अंगाची नुसती आग होते.

आणि ते मागचं दार! माणसं चहाला सटकतात म्हणून कामाच्या वेळात तू त्याला कुलूप घालायचास. समोर उघडं, मागे बंद. कोंबड्यांचं खुराडं तरी लोक जरा विचार करून बांधतात.

चौकशीत तू सांगितलंस, हेच उद्धट बोलले आणि दारही ह्यांनीच लावून घेतलं होतं. लहानपणी काच फोडून माझं नाव सांगायचास, तसाच राहिलास. वर मला निरोप धाडलास, गप्प बस, त्याच खिडकीवर तुला नोकरी देतो. थू तुझ्या नोकरीवर!

त्या दुपारी ह्यांना खिडकी सोडता येईना, म्हणून तू, त्यांचा साहेब, एकटाच आमच्याकडे जेवायला आला होतास. खिशात टोचते म्हणून तू त्या कुलपाची किल्ली ताटाशेजारी काढून ठेवलीस. तो माणूस सुरा घेऊन खिडकीवर आलाय असा फोन आला तेव्हा तू नुसता उभा राहिलास. किल्ली मीच तुझ्या हातात कोंबली आणि पळ म्हणून ओरडले. उद्या चौकशीत मी हेच सांगणार आहे. आई हात जोडतेय, घरातली गोष्ट घरात राहू दे म्हणून. पण दादा, माझा नवरा घरात नाही मेला. ती नवी मुलगी तरी संध्याकाळी धडपणी घरी जाऊ दे.

तुझीच, दुसरा इलाज नाही म्हणून,
धाकटी