सुरुंगाने फाटलेली बोट

श्रूजबरी, इंग्लंड, मार्च २००३

ती. शकुताईला धाकट्या बहिणीचा नमस्कार.

आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी ओसरतेय. आईचे गुडघे कसे आहेत?

आमच्या निहारची बोट आखातात पोचली. समुद्रात पेरलेले सुरुंग शोधून काढायचं काम आहे. तो इथल्या नेव्हीत गेल्यापासून हे त्याच्याशी बोलत नाहीत, ते तुला ठाऊकच आहे.

शनिवारी ह्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक चित्र आणलं. एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्राचं पान आहे. सुरुंग फुटून युद्धनौकेचं पोट फाटलंय आणि खलाशी पाण्यात उड्या टाकतायत. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता परत करून या."

"अगं, सव्वाशे वर्षं झाली त्याला," म्हणाले, आणि भिंग घेऊन भोक केवढं पडलंय ते बघत बसले. जन्मभर डॉक्टरकी केलेला माणूस, पाण्यातली डोकी एकेक करून मोजत होता. मग हळूच म्हणाले, "यातले किती वाचले, ते कुठे छापलेलं नाही गं."

परवा निहारचा फोन आला. ह्यांनी आपणहून रिसीव्हर घेतला, पण तोंडून शब्द फुटेना. तो पलीकडून "बाबा? बाबा, आर यू देअर?" विचारत राहिला आणि लाइन तुटली.

त्यानंतर लढाई सुरू झाली आणि बोटीवरून फोन बंद झाले. हे फोनशेजारून उठत नाहीत. ताई, मला काही सुचत नाही गं.

आईला एवढंच सांग, की निहार खुशाल आहे आणि बापलेकाचं बोलणं झालं.

तुझी,
मृणाल