नळी काढायचा मुहूर्त

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. घरात एक तरी माणूस शांत डोक्याचा पाहिजे. तो माणूस मी.

अर्पिताला घेऊन मी आणि बायको तृप्ती जालन्याला गेल्तो. सातव्या महिन्यात जन्मलेली पोर. जन्मापासून नाकात ऑक्सिजनची नळी, कोपऱ्यात मशीन. आता तीन वर्षांची होईल. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, थंडी सरली, फुफ्फुसं छान वाढलीत, दिवसा थोडा थोडा वेळ नळी काढून बघा. दिवसाचं जमलं की रात्रीचं. मी मान डोलावली. तृप्तीचा चेहरा उतरला. बायकांना असलं टेन्शन झेपत न्हाई. म्हटलं, मी आहे ना.

४ फेब्रुवारी, बुधवार

पहिली ट्रायल. तृप्तीनं नळी काढली. मी पोरीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघून राह्यलो. ९५. मंग ९४. मी फक्त एवढंच विचारलं, की ओठ निळे पडून राह्यले का? आईचं म्हणणं, ते वाटूर फाट्यापर्यंत ऐकू गेलं. पोर दचकली, रडायला लागली. रडल्यावर आकडा पडला. आकडा पडल्यावर मी अँब्युलन्सला फोन केला. तृप्तीनं नळी परत लावली.

अँब्युलन्सवाला चहा पिऊन गेला. भला माणूस.

निष्कर्ष: पोर अजून तयार न्हाई. तृप्ती आतल्या खोलीत मॅडमशी फोनवर लई वेळ बोलली. बाहेर येऊन म्हणाली, तुम्ही काही काळजी करू नका.

१० फेब्रुवारी

या घराचं माझ्यावाचून पान हलत न्हाई. दुकानातून आलो की पिशवी हातात. परवा दही. काल निरमा. आज आईच्या गुडघ्याचं तेल, आणि ते वाटूरचं चालत न्हाई, परतूरचंच लागतं म्हणे. मागच्या आठवड्यात आणलं ते कुठं गेलं विचारलं, तर आई म्हणाली, गुडघे दोन आहेत.

मी निघालो की आई दार लावून घेते. थंडी येते म्हणते. थंडी सरली की! पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार.

२१ फेब्रुवारी

अर्पिताच्या गालावरचे चिकटपट्टीचे वळ बिलकुल गेले. मी आणलेलं क्रीम! तृप्तीला दाखवलं. ती म्हणाली, बराबर आहे, आणि हसली. लई दिवसांनी हसली. बाईमाणसाला आधार मिळाला की असं होतं.

१ मार्च

लाईट बिल चक्क कमी आलं. मी घरभर एलईडी लावले त्याचा परिणाम. शेजारच्या रामरावांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, मशीन बंद राहत असेल. मी नुसता हसलो. लोकांना विजेतलं काही कळत न्हाई.

६ मार्च

अर्पिताचे दोन्ही गुडघे खरचटलेले. आता, नळी पुरते तेवढंच पोरीचं जग: पलंग, देव्हारा, स्वयंपाकघराचा उंबरा. तेवढ्यात कुठं पडली असेल? फरशीच खडबडीत असणार. घासून घ्यायची ठरवलं. तळपायाला मातीपण होती. तृप्तीला म्हटलं, घर जरा नीट झाडत जा. आईला एकदम खोकला आला.

१२ मार्च

ठरलं. घरात कोणाचंच धाडस होत न्हाई, मंग आता मीच. पाडव्याला गुढी उभारली की नळी माझ्या हातानं काढणार. गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला. गल्लीला पेढे. अँब्युलन्सपण सांगितली आहे, कोपऱ्यावर उभी राहील, सायरन न वाजवता. धाडस म्हणजे बेफिकिरी न्हाई.

भाषण लिहिलं. तृप्ती दोनदा काहीतरी सांगायला आल्ती. दोन्ही वेळा मी भाषण पाठ करून राह्यलो होतो.

१९ मार्च, पाडवा, सकाळ

गुढी उभारली. माणसं जमली. अर्पिताला नवा फ्रॉक. मी सुरुवात केली, की आज तीन वर्षांनी एका बापाच्या काळजावरचा दगड... तेवढ्यात पोरीनं नळी स्वतःच ओढून काढली, माझ्या हातात दिली आणि पळाली. दारातून बाहेर, सरळ गल्लीत. मी मागं, हातात नळी. ओरडलो, अरे धरा, धरा तिला! कोणी धरेना. लोक बाजूला होऊन वाट देऊन राह्यले.

गल्लीच्या टोकाला उषाबाईंचा ओटा. तिथं जाऊन बसली. उषाबाईंनी तिच्या गळ्यात साखरेची गाठी घातली आणि मला म्हणाल्या, अहो, दम खा जरा, ती रोज येती की. तुम्ही बाजारात गेल्यावर.

अँब्युलन्सवाल्यालापण माहीत होतं.

दुपार

तृप्तीनं सगळं सांगितलं. पहिल्या ट्रायलच्या दिवशीच मॅडम तिला म्हणाल्या होत्या, पोरीच्या छातीत काही खोट न्हाई, ती वडिलांच्या तोंडाकडं बघून घाबरते. त्यांना काहीतरी काम काढून बाहेर पाठवत जा. आईनं कपाट उघडलं. तेलाच्या बाटल्यांची रांग. एकीचंही बूच काढलेलं न्हाई.

मला राग आला. लई राग आला. मंग रडू आलं. तृप्तीपण रडली. म्हणाली, ती पहिल्यांदा अंगणात पळाली तेव्हा मला तुम्हालाच हाक मारायची होती हो.

लेक पहिल्यांदा पळाली तेव्हा मी परतूरला तेल घेऊन राह्यलो होतो.

२२ मार्च, रविवार

आता रात्रीचं. मॅडम म्हणाल्या, उद्यापासून काही रात्री मशीन बंद ठेवून बघा. मी ठाम सांगितलं, या वेळी मी कुठंही जाणार न्हाई. पोरीच्या उशाशी बसणार. एकदम शांत. तृप्ती म्हणाली, बसा ना, तुमचीच लेक आहे.

दुपारी प्रॅक्टिस केली. अर्पिता नळीशिवाय झोपली होती. मी उशाशी बसलो. हू की चू केलं न्हाई. ऑक्सिमीटरला हातपण लावला न्हाई. तिला जाग आली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मंग उठली, कोपऱ्यातून नळी ओढत आणली आणि स्वतःच नाकाला लावून बसली.

मशीन बंद होतं.

२३ मार्च

केदारखेडा. थोरल्या बहिणीकडं, चांगुणाबाईअक्काकडं आलोय. मला कोणी पाठवलं न्हाई. तृप्ती तर नका जाऊ म्हणून राह्यली होती. सासूबाईंना काय वाटेल, म्हणाली. त्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्याच आईनं, माझे कपडे आधीच भरून ठेवले होते.

अक्का विचारून राह्यली, सहज आला का? म्हटलं, सहज.

२४ मार्च, सकाळ

तृप्तीचा फोन. रात्रभर मशीन बंद. आकडा ९६. पोर एकदासुद्धा उठली न्हाई. मी अक्काच्या अंगणात खाली बसलो. अक्का घाबरून पाणी घेऊन आली.

तृप्तीला म्हटलं, पहिल्याच एसटीनं येतो. ती म्हणाली, तुम्हीच विचारा, आणि फोन अर्पिताकडं दिला.

मी विचारलं, बाळा, येऊ का घरी?

ती म्हणाली, आत्ता नको बाबा. तुम्ही लई भिता.

मी म्हटलं, बरं.