दवाखान्याची गरम वायर

मंगळवार, संध्याकाळ

नौपाड्यातल्या दवाखान्याची वायर आजही गरम लागत होती. बाबांच्या जुन्या मीटरवर नऊ अँपिअर, माझ्या नवीन मीटरवर चौदा. बाबा म्हणाले, "तुझंच बिघडलंय. माझं तीस वर्षं चुकलेलं नाही."

नाहीच चुकलं, पण तेव्हा नुसते बल्ब आणि पंखे होते. आता एलईडी आणि कॉम्प्युटर करंट एकसारखा न घेता झटक्याझटक्याने ओढतात, आणि जुनं मीटर तो कमी दाखवतं. एवढंच मला शांतपणे का सांगता आलं नाही? चिडलेच मी.

मग बाबांनी सवयीने पालथा हात वायरीला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. नऊला वायर एवढी तापत नाही, हे त्या हाताला माहीत आहे.

निघताना त्यांनी आपलं मीटर पिशवीत टाकलं. "उद्या जाड वायर टाकू. तुझं मीटर विसरू नकोस."