पळसाच्या पानांचा शौनक

सिद्धेश्वर,
मंगळवार, ता. ८ ऑक्टोबर २००२

चि. सुनीती हिस,

अनेक आशीर्वाद. चि. गुंजनलाही सांग. तुझं श्रावणातलं पत्र वेळेवर मिळालं होतं. उत्तराला दोन महिने लागले. मध्ये तू शेजारच्या दुकानात दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मी 'पत्राने कळवतो' म्हणालो. दुकानात चार माणसं उभी असतात, तिथे काय बोलणार.

इकडे सर्व ठीक. धरण काठोकाठ आहे, मागच्या पंधरवड्यात दरवाजे उचलले होते. हळदीचं पीक बरं आहे. तुझ्या जाऊबाईंचे गुडघे दुखतात, तरी देवळाच्या पायऱ्या चढायचं सोडत नाहीत. गुंजनची सहामाही जवळ आली असेल. तिला गणित जड जातं असं तू लिहिलं होतंस. घाबरू नये म्हणावं. तिच्या वडिलांनाही आठवीपर्यंत गणित येत नव्हतं, पुढे त्याच माणसाने आकाशातले तारे मोजून जहाजं चालवली.

यंदा आपल्याकडे घट बसले नाहीत. जाऊबाईंनी परडीत माती भरून ठेवली होती, ती कोपऱ्यात तशीच आहे. देवळातली पूजाही चार दिवस गुरवाकडे दिली आहे.

उन्हाळ्यातली एक गोष्ट तुला सांगायची राहिली. गावतळ्यातला गाळ शेतात टाकायचं काम चाललं होतं. अवकाळी पाऊस पडून गेलेला. ट्रॉलीत भरलेला गाळ वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसत होता. मी बांधावर उभा होतो. चढाला एक चाक थोडं खाली गेलं, एवढंच. आतला सगळा ओला गाळ पातळ पिठल्यासारखा एका अंगाला सरकला आणि ट्रॉली आडवी झाली. ड्रायव्हरने उडी मारली म्हणून कोपरं सोलपटण्यावर निभावलं. 'अरे' म्हणायला सुद्धा कुणाला वेळ मिळाला नाही.

जहाज कंपनीचे ते गृहस्थ मुंबईत आपल्याला काय सांगत होते ते मला त्या दिवशी कळलं. तू शेजारी बसली होतीस, गुंजन मांडीवर होती. ते म्हणाले होते, लोखंडाची माती पावसात भिजलेली भरली की समुद्राच्या हलण्याने तिचा चिखल होतो, तो एका बाजूला जातो आणि मग जहाजाला वेळ मिळत नाही. मी त्यांच्यावर ओरडलो होतो. म्हटलं, सहाशे फूट लांब जहाज, पंचवीस-तीस माणसं, माझा भाऊ त्यावर सेकंड ऑफिसर, नकाशे त्याच्या ताब्यात, आणि एक शब्द न पाठवता सगळे जातात कसे? शौनक न सांगता कुठे जाणारा नव्हता. घरातून तळ्यावर जायचं तरी दोनदा सांगून जायचा.

बारा वर्षं मी त्याच एका गोष्टीला धरून होतो. आई दुसऱ्या गोष्टीला धरून होती. जहाजावरचा रबरी तराफा सापडला नाही ना, मग त्यावर बसून गेला असेल कुठल्यातरी बेटावर. ती गेली तीही त्या तराफ्याच्या भरवशावर. माझा भरवसा त्या बांधावर आडवा झाला.

म्हणून तुझं पत्र आलं तेव्हा मला धक्का बसला नाही. 'भाऊजी, बारा वर्षं झाली. शास्त्राप्रमाणे जे असेल ते करून टाका. मला आता एका प्रश्नाचं कुंकू लावून वर्गात उभं राहवत नाही,' असं तू लिहिलंस. बरोबर लिहिलंस. त्याखालच्या चार ओळींबद्दल पुढे लिहितो.

या पत्राच्या डोक्यावर 'श्री' नाही आणि तुझ्या नावामागे 'सौ.' नाही, हे तुझ्या पहिल्या नजरेत आलं असणार. तेव्हा आता आडवळण पुरे. रविवारी, सर्वपित्रीला, केलं.

कसं केलं ते तुला सांगायला हवं. दुसरं कुणी सांगेल त्याआधी मी सांगितलेलं बरं, कारण गावात त्याची गोष्ट झाली आहे.

ज्याचं शरीर मिळत नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा माणूस करतात. डोक्याच्या जागी नारळ, दर्भाने बांधायचं, पांढरं वस्त्र गुंडाळायचं. आजवर दुसऱ्यांच्या घरी तीनचार वेळा मी हे केलं आहे. हात सरावाने चालतात. पानं आठ दिवस आधी आणून वाळवली होती. बांधताना उंची किती धरावी यावर हात अडला. शास्त्र काही सांगत असेल, मी ओसरीच्या खांबावरची खूण बघितली. शेवटच्या सुट्टीत त्याने गुंजनची उंची मोजली होती आणि हसत स्वतःचीही रेघ ओढली होती. तेवढा केला.

सकाळी एकट्याने धरणाच्या काठावर नेला. भटजी बोलावला नव्हता, मीच भटजी. लाकडं आदल्या दिवशी टाकून ठेवली होती. दहन करायच्या आधी स्नान घालतात, म्हणून त्याला दोन्ही हातांवर घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलो. काही वजन नव्हतं गं. वारा काठाकडून पाण्याकडे होता. मंत्र म्हणता म्हणता हातावरचं ओझं हललं आणि तो पाण्यावर आडवा झाला. वाळलेली पानं, तरंगायचीच. हातभर लांब गेला, मग दोन हात.

मला धरता आला असता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एक पाऊल पुढे टाकलं असतं तरी वस्त्राचं टोक हाताला लागलं असतं. मी उभा राहिलो. तो हळूच फिरला, पाय पुढे, डोकं मागे, आणि सरळ निघाला, कुणीतरी सुकाणू धरल्यासारखा. माझ्या मनात आलं, जाऊ दे, हा याचाच धंदा आहे. मी हात जोडले सुद्धा नाहीत. बंदरावर माणसं उभी राहतात तसा बघत उभा होतो, आणि खरं लिहितो, सुनीती, मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात लांबून ओरडा झाला. सटवाजी भोई आणि त्याची बायको सोजराबाई जाळं ओढत होते. त्यांना पाण्यावर पांढऱ्या कपड्यातलं माणूस दिसलं. सटवाजीने जाळं तसंच सोडलं आणि वल्ही मारत सुटला. बाई नावेत उभी राहून छाती पिटत होती. मला हाक मारून सांगता आलं असतं की पानं आहेत. मी बघतच राहिलो.

त्याने नाव आडवी घातली, वाकून खांद्याखाली हात घातला, जोर लावून ओढलं आणि स्वतःच मागे पडता पडता वाचला.

"आरं, हे तं पानाचं हाय!"

नाव काठाला लागली तेव्हा तो लाल झाला होता. "पंत, आमी जीव खाऊन येऊन राहिलो आन् तुमी खांबावानी उभे! हाक तं मारायची. नाव पालटली असती ना माझी, पत्रावळीपायी!"

"चूप बसा हो," सोजराबाई म्हणाली. पुतळ्याच्या तोंडावरचं ओलं वस्त्र ती सारखं करत होती. नारळाला कापड असं चिकटलं होतं की कपाळ आणि नाक दिसत होतं. मी नजर काढून घेतली. तिने मला विचारलं, "कुनाचं हाय, पंत?"

"माझा भाऊ."

"धाकला? जहाजावर होता त्यो?"

"हो."

सटवाजीचा राग उतरला. डोक्याचा रुमाल काढून त्याने हातात घेतला. धरणात बुडालेली माणसं काढायला तालुक्याहून त्यालाच बोलावणं येतं, त्यामुळे त्याचं विचारणं कामातल्या माणसाचं होतं.

"किती पाण्यात गेला?"

"समुद्रात. अंदमानच्या खाली. खोली माहीत नाही."

"वर आलाच न्हाई?"

"नाही."

त्याने नावेतल्या पुतळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग आज आला म्हना."

सुनीती, बारा वर्षांत मला इतक्या लोकांनी समजावलं. माझ्या डोळ्यांना पाणी त्या वाक्याने आलं.

ओलं जळणार नव्हतं. काठावरच्या खडकावर त्याला उन्हात ठेवलं आणि मी शेजारी बसलो. सटवाजी त्या दिवशी पुन्हा पाण्यात गेला नाही. दोघं नवराबायको जरा अंतरावर बसून राहिले, घरातलं माणूस गेल्यावर शेजारी बसतात तसे. सोजराबाई मधूनच म्हणायची, "कड पालटा, खालून ओलं राहील." मी कड पालटायचो. गेलेल्या भावाजवळ बसायला मिळतं ते मला त्या दिवशी मिळालं. मी त्याच्याशी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. थोडं ध्रुवाबद्दल बोललो. तुलाही त्याने सांगितलं असेल, हात लांब करून मूठ धरायची, आपल्या इथून ध्रुव दोन मुठी वर दिसतो. जहाज दक्षिणेला गेलं की मूठ कमी होत जाते. त्याचा शेवटचा ठावठिकाणा कळला तिथे ध्रुव अर्ध्या मुठीवर असतो. म्हणजे जवळजवळ पाण्यालाच टेकलेला. मी त्याला विचारलं, त्या दिवशी ढग होते का रे?

ऊन कलल्यावर अग्नी दिला. चांगला पेटला. नारळ फुटला तेव्हा सोजराबाई मोठ्याने रडली आणि सटवाजी तिला म्हणाला, "झालं, सुटला." धूर पाण्यावरून पलीकडे गेला. राख तिथेच सोडली.

म्हणजे तुझं काम झालं आहे. उद्या सूतक फिटेल. तुझ्या हातातलं, गळ्यातलं काही काढायला कुणी येणार नाही, तसलं काही मी होऊ देणार नाही. मंगळसूत्र गुंजनसाठी ठेव.

आता जे लिहिणार नव्हतो ते लिहितो. न लिहिता पत्र बंद केलं तर तुला अर्धं सांगितल्यासारखं होईल.

शौनकची जहाजावरची पाळी दुपारी बारा ते चार. सुट्टीवर आला तरी त्या वेळात त्याला झोप लागायची नाही. गाव झोपलेलं असायचं आणि तो देवळाच्या आवारात या टोकाहून त्या टोकाला फेऱ्या मारायचा. चपलेचा डावा पाय किंचित घासायचा. तो गेल्यापासून दुपारी मी ओसरीवर पडलो की ती पावलं ऐकतो. रोज नाही. आईलाही ऐकू यायची, आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. आई भाकरीचा घास हातात धरून थांबायची, त्यावरून मला कळायचं.

अग्नी दिल्यावर थांबतील असं मला वाटलं होतं.

काल दुपारी आली. मी उठून आवारात गेलो. ऊन होतं, कुणी नव्हतं. डाव्या पायाचं घासणं पिंपळापर्यंत गेलं आणि परत आलं. जाऊबाई आतून म्हणाल्या, "कोण आहे हो?" मी म्हटलं, वारा.

तेव्हा, तो गेला हे मला पक्कं पटलं असं समजू नकोस. माझं डोकं सांगतं, तो त्या चिखलासकट गेला. बाकीचं ऐकत नाही. रविवारी मी अग्नी दिला तो तुझ्यासाठी दिला. त्याच्यासाठी दिला असता तर हात इतका स्थिर राहिला नसता.

शास्त्रात याचीही सोय आहे. असा दहन केलेला माणूस कधी परत आला तर त्याला तुपाने न्हाऊ घालतात, नव्याने जन्मला असं मानतात, पुन्हा बारसं करतात, पुन्हा मुंज करतात. आणि त्याने त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावावं असं सांगितलं आहे. एवढ्या एका ठिकाणी मी शास्त्राला आडवा येणार आहे. तो आला तर या दारात येईल. त्याला दुसरं दार माहीत असणार नाही, तुझा हिंगोलीचा पत्ता मी सांगणार नाही. तूप मी आणीन. नाव मी ठेवीन, आणि शौनक ठेवणार नाही. तो कुणाचा नवरा नसेल. गुंजनला बाप म्हणून भेटायचं असेल तर तिने मोठी झाल्यावर तिचं ठरवावं.

वाट पाहायची काही उरली असेल तर ती या घरात पाहिली जाईल. तू आता पाहायची नाही. शाळेतून येताना पोस्टमन दिसला तर थांबायचं नाही. हे मी तुला थोरला म्हणून सांगतो आहे.

आता तुझ्या त्या चार ओळी. दोन महिने मला त्यांचं नाव लिहवलं नाही. विकासराव राठोड. मी त्यांना एकदाच पाहिलं आहे, गुंजनच्या आजारपणात, दवाखान्याच्या पायरीवर थर्मास घेऊन बसले होते. मला बघून उठून उभे राहिले आणि निघून गेले. मला वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं, तरी वाटलं. तांड्यावरचे आहेत म्हणून आपले लोक बोलतील. जाऊबाईही दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, माणूस स्वभावाने कसा आहे. मी एवढंच म्हणालो की त्यांचे वाडवडील बैलांवर समुद्राकाठचं मीठ लादून इकडे आणायचे. समुद्राकडे जाऊन परत येणाऱ्यांचं घर आहे.

लग्न कोर्टात करणार असाल तर करा. घरी करायचं असेल तर मंगलाष्टकं मी म्हणेन. माझा आवाज आता पूर्वीसारखा लागत नाही, पण म्हणेन.

दिवाळीला पाडवा करून भाऊबीजेला ये. सासरी म्हणून येऊ नकोस. तुझं माहेर नांदेडला होतं तेव्हा होतं, आता तिथे कुणी नाही. इथे ये. विकासरावांना आण, गुंजनला आण. पाट मांडलेला असेल. मला बहीण नाही, आजवर कुणी ओवाळलेलं नाही.

तुझा भाऊ,
दत्तात्रय