तिसरा कान

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. दोन वर्षांनी माझं पत्र पाहून तुला आधी आईचीच काळजी वाटेल, म्हणून सांगून टाकतो: गुडघा सोडला तर आई ठणठणीत आहे. मीही बरा आहे. कार्यशाळेचं छत गळायचं, ते दुरुस्त करून घेतलं.

आईचा पुतळा करायला घेतला होता. तू लाकूड कोरणारी, तुला माझी पद्धत आवडणार नाही. स्कॅनर हातात धरून माणसाभोवती सावकाश फिरायचं, आणि संगणकात उतरलेला चेहरा मग यंत्र थरावर थर रचून घडवतं. अट एकच, माणसाने हलायचं नाही. आणि आई दर मिनिटाला दाराकडे मान वळवत होती. पडद्यावर पाहतो तर आईला तीन कान. दोन जागच्या जागी, तिसरा गालावर.

आठवडाभर बसून तो कान पुसला. हात लागलाच होता म्हणून थोड्या सुरकुत्याही पुसल्या. पुतळा समोर ठेवला तर आई म्हणाली, "ही कोण बाई?" कपड्यांच्या दुकानातल्या बाहुलीसारखी दिसतच होती ती. मग चिडून मूळ तीन कानांचाच चेहरा यंत्रातून काढला. आईने चष्मा पुसला, गालावरच्या कानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा दाराकडचा."

माझी मान खाली गेली. ती बसायला तयार नव्हती, म्हणून मी थाप मारली होती की ताईला बोलावलंय, आज येईल. तुला मी बोलावलंच नव्हतं. यंत्राच्या कामात हात कुठे असतो, असं तू म्हणालीस, ते मनात धरून बसलो होतो. तुझ्या लाकडाला वाळवी लागो, हे माझे शब्द तूही विसरली नसशील. ते मी बोलायला नको होतं.

आज सकाळी आईला खरं सांगितलं. वाटलं, आता महिनाभर अबोला. ती म्हणाली, "मग आता लिही." एवढंच. इतकं हलकं वाटलं की दुपारी दोनदा जेवलो.

तिसरा कान ठेवलाय. थरांच्या रेघाही घासल्या नाहीत. आई हलली होती, तर पुतळ्यातही हललेलीच राहू दे. खालची बैठक मात्र लाकडाची हवी, आणि ते माझं काम नाही. पटाशी घेऊन ये. या वेळी खरंच बोलावतोय. आईने खुर्ची अजून दारासमोरून हलवलेली नाही.

तुझा,
दोन कान असून तुझं कधी न ऐकलेला
धाकटा