मारामारीचं बोलावणं

४ नोव्हें., मंगळ.
सकाळी फोन. नवा रायपूरले वेबसिरीजचं शूटिंग आहे. माझी जुनी सिरीयल पाहिली म्हणे कोणीतरी. रिटायर्ड पोलीसवालीचा रोल. "मॅडम, किक आप खुद मारेंगी ना?" हो म्हटलं. कॅमेऱ्यासमोर पाय उचलून किती वर्षं झाली…
दिलीपले सांगितलं नाही अजून.

५ बुध.
सांगितलंच. लकव्यापासून नवऱ्याचं बोलणं अर्धंच कळते, पण हे साफ बोलला, "जा. काहून नाही जात?" मग डाव्या हातानं माझी कॉलर धरली. सिरीयलमध्ये तो व्हिलन, मी इन्स्पेक्टर. दर आठवड्याले असाच धरायचा आन् मार खाऊन पडायचा. लग्नानंतरही. लोक मले हार घालत, त्याले शिव्या. त्याले कधी वाईट वाटलं नाही. मले वाटायचं.
हसलो दोघं. खूप दिवसांनी.

८ शनि.
तेलीबांध्याच्या तलावावर पाय मोकळे केले. गुडघा वाजते. घरी दिलीपच्या पलंगासमोर किक मारून दाखवली. "वर," म्हणे. "अजून." स्वतःले बसता येत नाही, डायरेक्शन देऊन राहिला!

११ मंगळ.
शूटिंग. उरल्याहून नणंद आल्या, निर्मलाताई, त्याच्याजवळ बसाले. पहिलाच शॉट ओके. टाळ्या. लगेच दिलीपले फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. झोपला असेल म्हटलं.
मग ताईंचा आला. "शोभा, दिलू पडला वं. लवकर ये."

१२ बुध.
दवाखाना. आयसीयू. ताई चहा टाकाले आत गेल्या होत्या. मोबाईल खिडकीत चार्जिंगले. वाजला तसा हा उठाले गेला, ताईंनी दारातून पाहिलं. डोकं सरळ फरशीवर.
शूटिंगमध्ये गच्चीवरून पडला हा माणूस, घोड्यावरून पडला, चालत्या ट्रकवरून पडला. साधं खरचटलं नाही कधी. नव्या पोट्ट्यांना शिकवायचा, हनुवटी छातीशी लाव, मग पड. काल हातही पुढं आला नाही म्हणतात ताई.
मीच केला होता फोन. मीच.
ताईंवर ओरडली. मग त्यांचे पाय धरले. त्या म्हणे, "ओरड वं. मले कोणीतरी ओरडाले पाहिजे होतं."

१४ शुक्र.
डोळे उघडले नाही. डॉक्टर "देखते हैं"च्या पुढं जात नाहीत. शूटिंगवाल्यांचा फोन. "सोमवार तक रुकेंगे मॅडम, उसके बाद…" हव म्हटलं. कशाले म्हटलं, माहीत नाही.

१६ रवि.
ताई डबा घेऊन आल्या. "उद्याचं काय?"
डबा उघडला. वरण-भात होता. बाकावर बसून दोघींनी खाल्ला. आता आयसीयूत भेटाले सोडून राहिले, पण एकालेच. ताई म्हणे तू जा, मी म्हटलं तुम्ही जा, मोठ्या बहीण तुम्ही. दोघीही दारात उभ्या. नर्स ओरडली तेव्हा ताईंनी मले आत ढकललं.