माहेरचं पान

डॉक्टरसाहेब, तुमच्या लांबुडक्या रजिस्टरांची चौकशी करायला एक पोरगी चार दिवसांपासून माझ्या ओट्यावर येऊन बसते आहे. ती औषध देत नाही. रोग्यांची माहिती आता कम्प्युटरात ठेवतात. ती माहिती कुठे नीट राहते, कुठे हरवते, यावर तिचं संशोधन चालू आहे. रिसोडला तिला कोणीतरी सांगितलं, की तुमचा म्हातारा कंपाउंडर अजून धडधाकट आहे. मला मोठं नवल वाटलं. आपण खोकल्याच्या बाटल्या भरून द्यायचो, त्याचाही कोणी अभ्यास करेल हे तुमच्या तरी मनात आलं असतं का? मीच तिला विचारून विचारून भंडावून सोडतो. "हे डबडं मानसाले वळखते कसं?" ती हसते, "तेच तर नीट जमत नाही ना त्याला, आजोबा."

तिची अडचण ऐका. जऊळक्याची एक लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, तिथे बापाच्या नावानं नोंद. सासरी नवऱ्याच्या नावानं, आणि लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं. कम्प्युटरच्या लेखी त्या दोन बाया. एकीच्या अंगात रक्त कमी, दुसरी ठणठणीत! "तुम्ही कसं जुळवायचे?" तिनं विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, आमच्याकडे घरागणिक एक पान असायचं, आणि सुनेच्या नावाच्या कडेला माहेरचं गाव, बापाचं नाव, त्याच्या पानाचा आकडा. तिची पेन्सिल थांबली. "हे डॉक्टरांना सुचलं कसं?"

तो दिवस मला अजून दिसतो. नवी सून तापानं फणफणलेली, पदर पार डोळ्यांवर. तुम्ही विचारता, "याआधी कोन्त्या सुईचा तरास झाला काय, बाई?" आणि सासू मधेच, "मले इचारा ना, ते काय सांगते! आमच्या घरी आल्यापासून शिंकली नाही ते." तुम्ही मला म्हणता, "पान पाह्य रे." मी सासरचं पान उघडतो. "कोरं हाये, साहेब." तुम्ही पेनिसिलिन सांगता, मी टोचतो. पाच मिनिटांत पोरीचे ओठ निळे पडतात. तुम्ही तिचा जीव अक्षरशः ओढून परत आणलात. मग त्याच रजिस्टरातलं तिच्या बापाचं पान माझ्यापुढे धरलंत. 'पेनिसिलिन देऊ नये', लाल शाईत. अक्षर माझंच, तिच्या लग्नाच्या आधीचं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. "माहेर कोन्तं, येवढं इचारलं असतं तं तोंड दुखलं असतं काय तुयं?" एवढंच बोललात. बाहेर तिच्या घरची माणसं तापलेली होती. त्यांच्यापुढे जाऊन म्हणालात, "चूक माही हाये." मी दाराआड हात धूत उभा राहिलो. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक सुनेच्या नावाकडेला माहेर लिहायला लावलंत. हे सगळं मी पोरीला सांगितलं. लाल शाईचं पान तेवढं गाळलं. ती म्हणाली, "म्हणजे चूक कोणाची झाली, आजोबा?" आणि माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टरांची." इतकी वर्षं गाव तेच म्हणत आलं, जीभ आपसूक त्याच चाकोरीत गेली. तिनं ते लिहून घेतलं.

गंमत पाहा, कम्प्युटराला माणसाचं नाव-गाव सगळं पाहिजे, आणि हिच्या लेखात कोणालाच नाव नसतं. नुसतं 'डॉक्टर', 'कंपाउंडर'. मग 'डॉक्टर' खोडून 'कंपाउंडर' लिही म्हणायला माझं काय जातं? पण न म्हटल्यानं तिचं जातं. तिला वाटेल, तुमच्याकडे माहिती नव्हती. माहिती हाताशी होती, विचारणारा तेवढा चुकला. आणि तिला शोधायचं आहे ते नेमकं हेच असावं.

उद्या सकाळी ती शेवटची येणार आहे, मग कारंज्याची एसटी धरणार. तिला चहा देईन आणि सांगेन, असं ठरवलं आहे. तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही, म्हणून हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. तिच्यापुढे तोंड उघडेल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून आधी तुमच्याजवळ बोलून पाहिलं, साहेब. एवढं लिहितानाही दोनदा उठून उगाच पाणी पिऊन आलो.